पायऱ्या पाठ आहेत, प्रश्न मात्र पडत नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात: इंदूरच्या एका खासगी शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने हे पत्र लिहिले आहे. त्यांच्या वर्गात 42 मुले आहेत आणि मिडिल स्कूलसाठी वेगळी प्रयोगशाळा नाही. ‘निरीक्षण, प्रश्न, परिकल्पना, प्रयोग, निष्कर्ष’ हा क्रम मुलांना तोंडपाठ आहे व घटक चाचणीत त्यावर पैकीच्या पैकी गुणही मिळतात. मात्र ‘तुम्हाला स्वतःला एखादी गोष्ट शोधून काढायची असेल तर काय कराल?’ असे विचारले की सारा वर्ग गप्प होतो. मोबाइलवर पाहिलेले चमकदार प्रयोग त्यांनी वर्गात करून दाखवले, टाळ्या पडल्या, पण आठवड्याने मुलांच्या लक्षात फक्त फेस आणि धूर राहिला. 28 फेब्रुवारीला शाळेत प्रदर्शन आहे आणि प्राचार्यांना काहीतरी आकर्षक हवे आहे. मुलांना गोडी लागेल अशा रीतीने वैज्ञानिक पद्धत कशी शिकवावी, तिच्यासाठी वेळ व साधने कुठून आणावीत आणि आपल्याला उत्तर येत नाही असा प्रश्न मुलांनी विचारला तर काय करावे, असे त्या विचारतात.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात ‘आकर्षक’ हा शब्द चार वेळा आला आहे आणि ‘अंदाज’ हा शब्द एकदाही आलेला नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करते. मुलांचे लक्ष वेधायचे तर त्यांना थक्क करावे लागते, असे तुम्ही धरून चालला आहात. थक्क झालेले मूल क्षणभर जागेवर खिळते हे खरे. पण पुढे काय होणार याबद्दल त्याने स्वतः काहीच म्हटलेले नसेल, तर त्याच्या दृष्टीने तो प्रयोग आणि जादूगाराचा खेळ यांत फरक उरत नाही. फेस आला काय आणि न आला काय, त्याचे काही पणाला लागलेले नसते. याउलट ‘लंबकाच्या वीस झोक्यांना चाळीस सेकंद लागतील’ असे ज्याने आपल्या वहीत लिहिले आहे आणि ज्याच्यासमोर घड्याळ अठ्ठाविसावर थांबले आहे, त्या मुलाला वेगळ्या आकर्षणाची गरज भासत नाही. ते जागचे उठून घड्याळ तपासायला येते. माझ्या अनुभवात गोडी लागते ती येथे.

आता पायऱ्यांविषयी. त्या चुकीच्या नाहीत, परंतु त्या आधी शिकवून मग प्रयोग करायचा हा क्रम मला उलटा वाटतो. शिवाय प्रत्येक शास्त्रज्ञ याच जिन्याने चढतो असेही नाही. आपल्या शेजारी उज्जैनला सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात वेधशाळा बांधली. तेथे ग्रहताऱ्यांवर कोणी प्रयोग करत नव्हते, वेध घेत होते, गणिताने आलेल्या जागेशी ते ताडून पाहत होते, आणि तेही विज्ञानच होते. दुसरी अडचण शब्दाची आहे. हिंदीतली ‘परिकल्पना’ मुलांना जड जाते आणि आपल्या मराठीतले ‘गृहीतक’ तर थेट दिशाभूल करते, कारण एखादी गोष्ट गृहीत धरणे म्हणजे ती न तपासता मान्य करणे असा अर्थ आपण घरीदारी घेतो आणि येथे नेमके त्याच्या उलट करायचे असते. ‘अटकळ’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. तुमच्या वर्गात ‘अंदाजा’ म्हणा. फक्त तो चुकू शकेल असा असावा, एवढी एक अट घाला. ‘झोका वेगळा पडेल’ हा अंदाज नव्हे. ‘जड वस्तूचा झोका लवकर पुरा होईल’ हा अंदाज होय, कारण तो खोटा ठरू शकतो.

28 फेब्रुवारीचे निमित्त आहेच, तर मुलांना सांगण्याजोगी एक हकीकत देते. 1921 साली चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेच्या प्रवासाला गेले होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे म्हणणे तेव्हा मान्यता पावलेले होते. रामन यांनी जहाजावर निकोल प्रिझम (ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश पुढे जाऊ देणारा स्फटिक) डोळ्यांसमोर धरून पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा आकाशाचा उजेड अडवला. प्रतिबिंब हेच कारण असते, तर निळाई जायला हवी होती. ती गेली नाही. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात या दिशेने त्यांचे काम पुढे गेले आणि 1928 साली ज्या दिवशी त्यांना त्यांचा प्रसिद्ध शोध लागला, तोच दिवस 1987 पासून आपण राष्ट्रीय विज्ञान दिवस म्हणून पाळतो. ‘हे खरे असेल तर अमुक दिसले पाहिजे, बघू या दिसते का’ एवढेच त्या जहाजावर घडले, आणि सातवीतल्या मुलाला ते पुरते समजते.

वर्गात पहिला प्रयोग कोणता करावा, याचे माझे उत्तर गेली कित्येक वर्षे एकच आहे: लंबक. लागते काय, तर दोरा, फूटपट्टी, बोल्टचा एक छोटा नट, पेटीचे एक मोठे कुलूप आणि भिंतीवरचे सेकंदकाट्याचे घड्याळ. सहा-सहा मुलांचे सात गट करा. बाकाच्या कडेबाहेर पेन्सिल निघेल अशी चिकटपट्टीने बसवा आणि तिला 25 सेंटिमीटर दोऱ्याने नट टांगा. कोणी सोडायचे, कोणी मोजायचे, कोणी घड्याळ पाहायचे, कोणी लिहायचे हे दर वेळी बदला, नाहीतर हुशार समजली जाणारी दोन मुले सर्व उरकतात आणि बाकीची नुसती बघतात. मग विचारा: नटाऐवजी कुलूप लावले तर वीस झोक्यांना (जाऊन परत आले की एक झोका) कमी वेळ लागेल, जास्त लागेल की तेवढाच? प्रत्येकाने उत्तर पेनने लिहायचे आणि त्या दिवशी खोडरबर दप्तराबाहेर काढायचे नाही.

बहुतेक वर्ग ‘कुलूप लवकर झुलेल’ असे लिहील. नटाला वीस झोक्यांसाठी वीस-साडेवीस सेकंद लागतील. त्यानंतर कुलूप लावले की काही गटांत बावीस येतील आणि तेथे खरी गंमत सुरू होते, कारण ‘जड वस्तू हळू झुलते’ असा नवाच निष्कर्ष मुले आनंदाने काढून मोकळी होतात. येथे घाई करून खरे सांगू नका. कुलूप हातात घ्या आणि त्याचा मध्य कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगा. नटाचा मध्य दोऱ्याच्या टोकाखाली जेमतेम एक सेंटिमीटर असतो, मोठ्या कुलपाचा चार-पाच सेंटिमीटर खाली असतो. म्हणजे वजनाबरोबर नकळत लांबीही बदलली. दोरा तेवढा आखूड करून पुन्हा मोजले की फरक मावळतो. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलावी’ हे वाक्य फळ्यावर लिहून जे साधत नाही, ते त्या चार सेंटिमीटरनी साधते, कारण मुले स्वतः त्यात फसलेली असतात.

पुढच्या तासिकेला लांबीचा प्रश्न घ्या. लटकवण्याच्या जागेपासून वस्तूच्या मध्यापर्यंत 25 सेंटिमीटर असले तर वीस झोक्यांना वीस सेकंद लागतात; लांबी दुप्पट केली तर? जवळजवळ सर्व जण चाळीस म्हणतील. मिळतील अठ्ठावीस. मग खिडकीच्या गजाला एक मीटर दोरा बांधा, म्हणजे लांबी चौपट होते, आणि तेव्हा कुठे चाळीस सेकंद येतात. वर्गमूळाचा उच्चार न करताही ‘चौपट केले तेव्हा दुप्पट झाले’ हे मुलांच्या हाती लागते. एका झोक्याऐवजी वीस का मोजतो, हेही त्यांनाच विचारा. काटा पाहताना हात अर्धा सेकंद पुढेमागे होतो, आणि तो अर्धा सेकंद वीस झोक्यांत वाटला गेला की निरुपद्रवी ठरतो, हे एखादे मूल बरोबर हेरते.

एक सावधगिरी. सातही गटांनी नेमके वीसच सेकंद लिहिले असतील, तर आनंदित होऊ नका, चौकशी करा. आपण सर्वांनी कधी ना कधी प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून आकडे मागून बसवलेले आहेत; ती सवय मुलांना आपणच लावतो, कारण आपण गुण उत्तराला देतो. येथे गुण तीनच गोष्टींना द्या: अंदाज मोजण्याआधी लिहिला होता का, मिळालेले सर्व आकडे, विचित्र वाटणारेसुद्धा, वहीत आहेत का, आणि अंदाज चुकला असल्यास तो का चुकला असावा याबद्दल एखादे वाक्य आहे का. अंदाज बरोबर आल्याबद्दल अर्धाही गुण देऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे पहिल्या क्रमांकाची मुले यावर नाराज होतील, पालकही फोन करतील. ते सोसावे लागेल.

प्रयोगशाळा नसल्याची खंत तुम्ही बोलून दाखवली आहे. ताई, ज्या राज्यात आपण राहतो तेथेच 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या, 16 मिडिल स्कूलमध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला होता. 1978 मध्ये तो जिल्हाभर पसरला, 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला आणि तो इतर जिल्ह्यांतही पोहोचला. गावातल्या शाळा, साधी पेटीभर साधने, पुस्तक उघडे ठेवून द्यायची परीक्षा, आणि मुलांच्या पत्रांना उत्तरे देणारा ‘सवालीराम’ नावाचा एक काल्पनिक गृहस्थ. शासनाने 2002 मध्ये हा कार्यक्रम बंद केला, हा भाग दुःखाचा आहे आणि त्यावर वाद घालायची ही जागा नव्हे. पण साधनांवाचून अडते असे म्हणताना ती तीस वर्षे आपल्याला विसरता येणार नाहीत.

आणि इंदूरचे म्हणाल, तर जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी खत करण्याची रीत येथेच तयार झाली. 1924 ते 1931 या काळात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे ढीग रचून, ओलावा राखून, ठरावीक काळाने ते उलटून प्रयोग केले; 1931 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. तुमची मुले रोज सकाळी कचरागाडीत ओला आणि सुका कचरा वेगळा टाकतात. दोन सारख्या कुंड्यांत सारखाच ओला कचरा भरून एक दर आठवड्याला उलटायची, दुसरी तशीच ठेवायची आणि दोन्हींचे तापमान व उंची लिहीत जायची, एवढे केले तरी अडीच-तीन महिन्यांचे काम होते. आतला ढीग बाहेरच्या हवेपेक्षा गरम लागतो, हे कळल्यावर मुले स्वतःहून हात घालून पाहतात. (हातमोजे असू द्यावेत, आणि घरून नाके मुरडल्याची तक्रार येईल हेही धरून चालावे.)

उत्तर येत नसेल तर काय, या तुमच्या प्रश्नावर मला माझीच चूक सांगायला हवी. पाण्याच्या थाळीत मेणबत्ती पेटवून वर पेला पालथा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढते. ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असे मी अनेक वर्षे ठामपणे शिकवत होते. एके दिवशी सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, पण जळताना पाणी चढतच नाही, विझल्यावर एकदम चढते.’ मी तिला गप्प बसवले, आणि त्या रात्री घरी पुन्हा करून पाहिले. तिचे बरोबर होते. पेला घालताना आत कोंडली जाते ती तापून फुगलेली हवा असते, तिच्यातील काही बुडबुड्यांवाटे बाहेर पडते आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, म्हणून पाणी आत ओढले जाते. ज्योत विझते तेव्हा ऑक्सिजन पुरता संपलेलाही नसतो. याचा पडताळाही सोपा आहे. ऑक्सिजन हेच मुख्य कारण असते, तर एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावूनही पाणी तेवढेच चढायला हवे, कारण पेला तोच आणि त्यातील ऑक्सिजनही तेवढाच. प्रत्यक्षात ते अधिक चढते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सांगितले आणि तिची माफी मागितली. तेव्हा तुम्हाला उत्तर येत नसेल, तर ‘मलाही ठाऊक नाही; हे कसे तपासता येईल?’ एवढे म्हणा. मात्र हे वाक्य पळवाट म्हणून वापरू नका. पुढच्या आठवड्यात त्या प्रश्नाकडे परत आला नाहीत, तर मुले ते बरोबर ओळखतात.

वेळेचे गणित तुम्हालाच बसवायचे आहे, पण पर्याय तोलून पाहू. शाळा सुटल्यावर विज्ञान मंडळ चालवणे सोपे. तेथे येतात मात्र तीच आठ मुले, ज्यांना आधीच गोडी आहे. रोजच्या तासिकेत दहा मिनिटे काढणे ऐकायला छान वाटते, पण दोरा बांधण्यातच ती संपतात. मी पंधरवड्यातून एक जोडतासिका मागून घ्यावी असे म्हणेन, आणि प्रयोग पाठ्यपुस्तकातल्या चालू प्रकरणाशी जोडलेला असावा, म्हणजे अभ्यासक्रम मागे पडतो ही तक्रार उरणार नाही. वर्षभरात असे सात-आठ प्रयोग झाले तरी पुष्कळ झाले.

मुलांना स्वतःचे प्रश्न सुचत नाहीत, याचे कारण बहुधा हे आहे की ‘विज्ञानाचा प्रश्न’ म्हणजे अवकाशयान किंवा रोबोट असे त्यांना वाटते. त्यांना स्वयंपाकघरात पाठवा. विरजण नसेल तर कोमट दुधात मिरचीची देठे टाकली की दही लागते, असे एखादी आजी सांगते. त्याच दुधाच्या चार वाट्या घ्या, एकीत विरजण, एकीत देठे, एकीत काहीच नाही आणि चौथीत विरजण घालून ती फ्रीजमध्ये. ‘काहीच नाही’ ही वाटी कशासाठी, हे मुलाने आजीला समजावून सांगायचे. पण एक मर्यादा पाळा. पहिल्याच महिन्यात मुलांना घरातल्या व्रतवैकल्यांची उलटतपासणी करायला लावू नका. मूल घरी तोंडघशी पडते, आजी दुखावते आणि मोजता येईल असे काही हाती लागत नाही. जेथे वाटी, घड्याळ किंवा पट्टी चालते तेथून सुरुवात करा.

प्रदर्शनाआधी एक सुंदर काम होण्याजोगे आहे आणि फेब्रुवारीचे निरभ्र आकाश त्याला अनुकूल आहे. मैदानात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि सावली सर्वांत आखूड कधी होईल ते लिहून घ्या. सारे ‘बारा वाजता’ म्हणतील. बारापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. सावली बारानंतरही आखूड होत जाते, आणखी साडेतीन-चार सेंटिमीटर, आणि साधारण 12 वाजून 40 मिनिटांनंतर वाढू लागते. अगदी शेवटची काही मिनिटे फरक दिसेनासा होतो, म्हणून आधीची आणि नंतरची सारख्या लांबीची सावली शोधून त्या दोन वेळांच्या मधली वेळ काढावी. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचे आहे, इंदूर त्याच्या सुमारे साडेसहा अंश पश्चिमेला आहे, आणि अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सव्वीस मिनिटे उशीर तेथेच होतो. उरलेली चौदा-एक मिनिटे फेब्रुवारीची खासियत, पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिचा कललेला आस यांमुळे येणारी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हेच काम केले तर उत्तर 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास येईल. सहावीला पहिले कारण पुरे, दुसरे आठवीसाठी राखून ठेवा.

राहिले प्रदर्शन. खाण्याचा सोडा व व्हिनेगर घालून फेस आणणारा ज्वालामुखी पूर्ण बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण ज्यांनी तो आधीच ठरवला आहे त्यांचा विरस होईल. पण खरा ज्वालामुखी सोडा-व्हिनेगरवर चालत नाही हे त्यांना सांगा, आणि त्यांच्याकडून प्रश्न बदलून घ्या: बाटलीत व्हिनेगर ठरावीक ठेवून सोडा चमच्याचमच्याने वाढवला, तर तोंडाला लावलेला फुगा कोणत्या चमच्यानंतर अधिक फुगायचा थांबतो? सर्वांत पुढच्या मेजावर मात्र लंबक ठेवा. शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या, पेन आणि एक डबा. येणाऱ्या प्रत्येक पालकाने ‘लांबी दुप्पट केली तर वीस झोक्यांना किती सेकंद?’ याचे उत्तर लिहून डब्यात टाकायचे, मगच मुले दोरा सोडतील, आणि सर्व अंदाज मागच्या तक्त्यावर ठिपक्यांनी भरत जातील. प्राचार्यांना हवी असलेली गर्दी त्या मेजाभोवती जमेल. पहिली चिठ्ठी त्यांच्याकडूनच लिहून घ्या.